पावसाचा खंड आणि पेरणीचा निर्णय : मलकापूर ते माण-आटपाडी पट्टा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडला तो जेमतेम पाचशेच्या घरात असतो. कराडजवळचे मलकापूर या दोन टोकांच्या मधले. येथून विट्याच्या रस्त्याने पूर्वेला निघालात की खानापूर, आटपाडी आणि उत्तरेकडे खटाव, माण हे सगळे तालुके पर्जन्यछायेत येतात. टेंभू योजनेचे पाणी पोहोचले तेथील चित्र वेगळे आहे. हा लेख कोरडवाहू रानासाठी आहे.

या भागात पावसाची दोन शिखरे असतात. एक जून-जुलैच्या सुमारास, दुसरे आणि मोठे सप्टेंबरमध्ये. मधला खंड नवा नाही, पण तो लांबला की खरीप हातचा जातो. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी राज्यात दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत कडेगाव आणि खानापूर होते. याउलट २०१९ मध्ये ऑगस्टला कृष्णेचा महापूर आला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीने तासगाव भागातील द्राक्षबागा गेल्या. म्हणून सरासरी पाहून नियोजन करू नये.

खरीप : मृग नव्हे, ओल पाहा

मृगाच्या पहिल्या सरीवर धूळवाफेला किंवा अर्धवट ओलीवर पेरले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर दुबार पेरणी ठरलेलीच. बियाणे आणि खत दोन्ही पुन्हा. साधारण ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन वीतभर खोल ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये. खुरप्याने माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला तर वाफसा पाहून पेरा, भुगा झाला तर थांबा.

पाऊस लांबला तर पीक बदलावे, हट्ट करू नये. मूग, उडीद आणि सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंतच. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत बाजरी किंवा बाजरी + तूर (२:१). ऑगस्ट उजाडला तर सूर्यफूल, हुलगा, एरंडी. तेवढाही पाऊस नसेल तर रान रब्बीसाठी मोकळे ठेवलेले बरे. शेजाऱ्याचे रान हिरवे दिसते म्हणून घाईने बाजरी टाकणाऱ्याची रब्बीची ओलही जाते, हे दरवर्षी कुठे ना कुठे दिसते.

रब्बी : जुलैपासूनची तयारी

या पट्ट्याचे खरे पीक रब्बी ज्वारी, आणि तिचा पाऊस पेरणीआधीच पडून गेलेला असतो. एका एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. एका रात्रीत ६० मि.मी. झाला तर एकरावर सुमारे २ लाख ४० हजार लिटर पडले. उताराचे रान उघडे असेल तर त्यातले बरेचसे मातीसकट ओढ्याला जाते. जोरदार सरी वाढल्या असताना हाच मोठा तोटा आहे.

त्यासाठी जुलैमध्येच उताराला आडवी नांगरट करून सारायंत्राने छोटे सपाट वाफे पाडावेत. खर्च थोडा, बैलजोडीवरही काम होते. सप्टेंबरचा पाऊस वाफ्यात जिरला की पेरणीच्या वेळी वाफे मोडून उताराला आडवीच पेरणी करावी. मोठी कामे गावाने मिळून करायची असतात; माण तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ मध्ये श्रमदानातून पाणी फाउंडेशनचा वॉटर कप जिंकला. पण बांधबंदिस्ती होईपर्यंत तुमच्या वाफ्याला कोणी अडवत नाही.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. आधी केल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, उशीर केल्यास ओल उडते. वाण जमिनीच्या खोलीवरून निवडावा :

- हलकी जमीन : फुले अनुराधा
- मध्यम जमीन : फुले सुचित्रा, मालदांडी
- भारी जमीन : फुले वसुधा, फुले यशोदा

हेक्टरी १० किलो बियाणे पुरते. काणी टाळण्यासाठी बियाण्यास किलोला ४ ग्रॅम गंधक (३०० मेश) चोळावे. दाट पेर कोरड्या वर्षात कणीस भरू देत नाही. विरळणी करताना मन घट्ट करावे.

आंतरमशागतीत हयगय नको. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. शेवटची तणासाठी नाही, भेगा बुजवण्यासाठी असते. काळ्या रानात भेगा पडल्या की खालची ओल त्यातूनच निघून जाते.

एक स्वस्त उपकरण प्रत्येकाच्या रानात हवे : साधे पर्जन्यमापक. मंडळातील केंद्राचा आकडा तुमच्या शिवाराचा असेलच असे नाही. एका गावाला सर येते आणि शेजारचे कोरडे राहते. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. खंडाचे दिवसही लिहा. दोन-तीन वर्षांची वही झाली की गावातील सहायक कृषी अधिकाऱ्यासोबत बसून पीकपालटाचा विचार करता येईल.