तंबाखूबंदी आणि लोकमत (महाराष्ट्र)
महाराष्ट्रात बंदी आहे ती गुटख्याला. तंबाखूच्या पिकाला वा विडीला नाही. राज्याची २००२ ची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये गोदावत पान मसाला खटल्यात टिकू दिली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. उत्पादकांनी पान मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून पळवाट काढली.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे थोडेच. मशेरी, खर्रा, मळलेली तंबाखू हीच इथली खरी सवय, आणि ती घरात वाईट मानली जात नाही, ही मोठी अडचण. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे २०१५ मध्ये मुखकर्करोगाने निधन झाले, तेव्हा गावोगाव हळहळ व्यक्त झाली.

रोष कारखानदारावर असला, तरी शेतकऱ्यावर नसतो. १९८१ मध्ये कर्नाटक सीमेवरच्या निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. गोळीबारात शेतकरी मेले. सोलापूर, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांना पर्यायी रोजगाराविना बंदी म्हणजे उपासमार वाटते, आणि ती भीती रास्त आहे. गडचिरोलीत मात्र २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्ती अभियानात गावसंघटनाच, विशेषतः स्त्रिया, खर्राविक्री बंद करायला पुढे येतात.