कायदा आला, पण दार कोणी उघडलं?

शाळेत १८५६चा विधवा पुनर्विवाह कायदा म्हणजे दोन गुणांचा प्रश्न असे. साल लिहिलं, ईश्वरचंद्र विद्यासागरांचं नाव लिहिलं की झालं. निवृत्तीनंतर त्याची कलमं सावकाश वाचली, तेव्हा त्या दोन गुणांमागची गोष्ट दिसली.

कायद्याने विधवेचं लग्न वैध ठरवलं आणि त्यातून होणारी मुलं औरस ठरवली. पण त्यातच असंही होतं की, पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क, जणू ती वारलीच असं धरून, संपेल. शिवाय त्याच्याकडच्या पुरुष नातेवाइकांना पहिल्या मुलांचं पालकत्व कोर्टाकडे मागता येई. नवा संसार मांडायचा तर जुन्या घरावर पाणी सोडायचं, वर लेकरं जातील ही धास्ती. किती जणी धजावणार?

आणि जिला लग्न नको, नुसता आसरा हवा, तिचं काय? ते काम माणसांनी केलं. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये लग्न केलं. कायद्याला सदतीस वर्षं झाली होती, तरी मुरूड गावाने बहिष्कार टाकलाच. पंगतीत पान मांडायला लावणं सरकारच्या हातात नव्हतं.

मग सरकार हवंच कशाला? तसंही नाही. बहिष्कार टाकणाऱ्यांना ते लग्न मोडता आलं नाही, मुलांना अनौरस ठरवता आलं नाही, ते कायद्यामुळेच. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रमही काढला.

मे २०२२ मध्ये उलट घडलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. या वेळी गाव पुढे, सरकार मागे.

पण ठराव असो की परिपत्रक, त्या दिवशी बांगड्यांना हात घालणारी असते ती कुणाची तरी काकू, मावशी, नणंद. आपल्या नात्यात ती वेळ आली तर ‘थांबा’ कोण म्हणणार? ते आजच ठरवून ठेवूया.