राखेतला भाजीपाला

भोरला बिऱ्हाड केले त्या वर्षी घरामागे थोडेसे परस मिळाले आणि मला बागेची हौस आली. मी थेट फ्लॉवरचीच रोपे लावली. श्रावणाची झड लागली आणि आठवड्यात ती कुजली. शेजारच्या आक्का कुंपणावरून एवढेच म्हणाल्या, "भाऊ, आधी येतंय ते लावावं. रुसणारं मागनं."

या बोलाचे मोल मला कळले ते पुढे एक जुना ग्रंथ वाचताना. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' इ. स. १७१५ च्या सुमाराचे. त्यातले दुर्गप्रकरण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे इथलेच गड येतात. रायगडापूर्वीची राजधानी राजगड वेल्ह्याकडे, त्याच्याजवळच तोरणा, भोरकडे रोहिडा. शंकराजी नारायण सचिव हे अमात्यांचे समकालीन; राजाराममहाराजांच्या कठीण काळात दोघांनीही स्वराज्य सावरले. या सचिवांच्या घराण्याकडेच भोरचे संस्थान १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत होते.

गडाचे पाणी, दारूगोळा, पहारे यांची चिंता वाहता वाहता अमात्य केराकडे वळतात. केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा, राख परसात घालावी आणि घरोघर भाजी करवावी, असा त्यांच्या आज्ञेचा मतलब आहे. पण कोणती भाजी? झाडांच्या बाबतीत फणस, चिंच, वड, पिंपळ अशी नावे घेणारा हा मुत्सद्दी इथे एकाही भाजीचे नाव घेत नाही. जी होईल ती करावी, एवढेच म्हणतो.

मला वाटते, मौज आहे ती या न सांगण्यातच. कोकणातल्या गडाची माती निराळी, मावळातल्याची निराळी. वेढा पडला तर खालचा बाजार तुटणार. तिथे हौसेचे पीक काय कामाचे? ज्या जागेला जे मानवते तेच माणसाला तारते. राखेतला पालाश वेलांना मिळतो, आणि उकिरडाही होत नाही. एका आज्ञेत दोन कामे!

माझा फ्लॉवर तर थंडी मागणारा. इंग्रजांनी तो १८२२ च्या सुमारास या देशात आणला. मावळच्या पावसात त्याने तग धरावा कसा? चूक त्याची नव्हती, माझी होती.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी मी दोडका, भोपळा आणि घेवडा लावला, वेलांना मांडव घातला आणि चुलीची राख आळ्यात टाकली. दसऱ्यानंतर मेथी आणि मुळा पेरला. महिन्याभरात मेथी खुडायला आली. पहिली जुडी कुंपणावरून आक्कांना दिली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, "आता लावा तुमचा फुलवर. थंडी पडलीया."