चार नावांचा एक लाल जीव

जैनाबादच्या काठावर तुम्ही उभे आहात. समोर तापी, पलीकडे बऱ्हाणपूरचा किल्ला. पायाखालचा काळा खडक दख्खनच्या लाव्हाचा आहे, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. पाणी पश्चिमेला निघालंय. भुसावळ, उकाई, सुरत आणि मग अरबी समुद्र. तुम्हीही त्याच वाटेनं निघा, फक्त आजच्या तारखेतून नको.

आधी 1631. मागे आहुखान्याची बाग आहे. चौदाव्या बाळंतपणात गेलेल्या मुमताजला जूनमध्ये इथं पुरलं आहे. डिसेंबरात तिला आग्र्याला नेतील. नदीपारच्या पेठेत विणलेलं कापड सुरतेच्या बंदराकडे चाललंय. तिथून गलबतं समुद्र ओलांडतात, आणि त्यांच्या तळाखाली शेकडो मीटरवर रक्तासारखा लाल, मोठा झाला की वीतभराहून लांब एक जीव पोहत असतो. दिसायला कोळंबी, पण कोळंबी नव्हे. माणसाच्या नजरेला तो पडायला अजून दोनशेहून जास्त वर्षं आहेत. त्याचं कूळ मात्र तुमच्या पायाखालच्या खडकाहून जुनं आहे. फ्रान्समध्ये ला व्हूल्त इथं सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात त्याच्या जवळच्या नातलगांचे ठसे सापडले आहेत.

आता 1881, मुंबई. गोदीत एक लाकडी, चाकांची आगबोट तयार होते आहे. तिचं नाव ‘इन्व्हेस्टिगेटर’, काम हिंदी समुद्राची मोजणी. जवळच किनाऱ्यावर जवळा वाळत पडलाय, सुकटीची पोती बांधली जातायत. कोळ्यांची डोल जाळी उथळ पाण्यात, भरती-ओहोटीच्या धारेत लागते. जवळा तिच्यात मिळतो, आपला लाल जीव मिळायचा नाही. खंबातच्या आखातासमोर समुद्राची उथळ पायरी तीनशे किलोमीटरहून रुंद आहे. तापीचं पाणी समुद्राला मिळालं तरी खोल पाणी तिथून फार दूर असतं.

दहा वर्षं पुढे या. हिवाळा आहे आणि तुम्ही ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या डेकवर, बंगालच्या उपसागरात. खोलातून जाळं ओढायला कित्येक तास लागतात. ते वर येतं तेव्हा आधी गार चिखल येतो. वर डेकवर घाम फुटतोय आणि हा गाळ हाताला झोंबतो. जहाजाचे डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक हेच इथले निसर्गशास्त्रज्ञ. ते चिखलात बोटं घालतात आणि एक लाल अंग उचलून तुमच्या हातावर ठेवतात.

नीट बघा, कारण पुढचा सगळा वाद इथंच आहे. डोक्याच्या पुढे लांब काटा. पाठीवरची ढाल खालच्या मागच्या खंडांना चिकटलेली नाही, अंगरख्यासारखी मोकळी आहे. कोळंबीची ढाल छातीच्या सगळ्या खंडांना जोडलेली असते. मादीच्या छातीखाली पत्र्यांनी बनलेली पिशवी आहे आणि पिल्लं तिच्यात वाढतात. आपल्या बाजारातली मोठी कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते, करंदीच्या जातीतल्या काही पोटाखाली पायांना बांधतात. छातीखाली पिशवी कोणाचीच नाही. म्हणून हा प्राणी त्यांच्यात बसत नाही. अल्कॉकांच्या काळात असे सगळे जीव ‘शिझोपोडा’ नावाच्या एकाच गटात टाकलेले होते. डेन्मार्कच्या बोआसनं 1883मध्येच म्हटलं होतं की क्रिल वेगळे काढा आणि पिशवीवाले वेगळे. ते सर्वांना पटायला वेळ लागला.

तोंडाजवळ एक ग्रंथी आहे. संकटात सापडला की हा जीव तिच्यातून निळा उजेड पाण्यात सोडतो. ‘चॅलेंजर’ या शोधमोहिमेच्या जहाजावरचा तरुण जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ फॉन विलेमोस-सूम यानं या वंशाला नाव दिलं: ग्नाथोफाउझिया. त्याला ती ग्रंथी जादाचा डोळा वाटली होती. अंधारात राहणाऱ्याच्या अंगावर असं काही दिसलं तर डोळाच सुचणार, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. तो 1875मध्ये त्याच सफरीत, पॅसिफिकमध्ये, वयाच्या 28व्या वर्षी गेला.

1891 साली कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे वुड-मेसन आणि अल्कॉक हातातल्या जिवाला ग्नाथोफाउझिया बेंगालेन्सिस म्हणतात. पण त्याआधी, 1870मध्ये, प्राणिशास्त्रज्ञ डोर्ननं एका मोठ्या जिवाला इन्जेन्स म्हटलेलं आहे. ‘चॅलेंजर’च्या साठ्यातून नॉर्वेच्या जी. ओ. सार्सनं 1883मध्ये एक लहान, लांब काट्याचा जीव निवडून त्याला कॅल्काराटा म्हटलं. ‘वाल्दिव्हिया’ या जर्मन जहाजानं आणलेल्या जिवांपैकी एकाला इलिग 1906मध्ये डोरिफोरा म्हणतो. चार नावं झाली.

त्याच 1906 सालात अमेरिकेत आर्नोल्ड ऑर्टमानच्या टेबलाशी चला. राष्ट्रीय संग्रहालयाच्या बरण्यांमधले लहानमोठे जीव त्यानं लांबीनुसार मांडले आहेत. स्पिरिटमध्ये त्यांचा लाल रंग उडालाय, पण आकार बोलतात. पोर असतं तेव्हा काटा ढालीहून लांब आणि ढालीचे मागचे कोपरे अणकुचीदार. वाढत जाईल तसा काटा तोकडा होतो, कोपरे बोथट होतात. कॅल्काराटा म्हणजे इन्जेन्सचं बालपण! पुढं बेंगालेन्सिस आणि डोरिफोराही त्याच नावात मिळाली. प्रत्येकानं जाळ्यात आलेल्या वयाचं अचूक वर्णन केलं होतं. एकाच वयाचे दोन-चार जीव पाहून जात ठरवावी लागणं, ही खोल समुद्राच्या अभ्यासातली अडचण आजही संपलेली नाही. 1992मध्ये रशियाच्या पेत्र्याशोव्हनं या जातीचा वंशही बदलला आणि तिला निओग्नाथोफाउझिया या नव्या वंशात नेलं.

राहण्याच्या जागेचं कोडं याहून मोठं आहे. हा जीव अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक, तिन्ही महासागरांच्या उष्ण पट्ट्यात सापडतो. असं कसं? 1933-34मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावर सेमूर स्युएल यांच्यासोबत अरबी समुद्रात उतरा. ओमानच्या बाजूला जाळं टाकलं की हिरवा गाळ येतो, सडक्या अंड्यांचा वास मारणारा आणि जीव जवळजवळ नसलेला. रसायनशास्त्रज्ञ पाण्याचे नमुने तपासतात: दीडशे ते हजार मीटरच्या दरम्यान प्राणवायू अगदी नाममात्र. त्या सफरीतल्या क्रिल आणि पिशवीवाल्यांचा अभ्यास टॅटरसॉलनं 1939मध्ये छापला.

असाच प्राणवायूचा तुटवडा असलेला थर कॅलिफोर्नियासमोरही आहे. 1971 साली तिथं जेम्स चिल्ड्रेसच्या प्रयोगशाळेत टाकीसमोर थांबा. तोच लाल जीव प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही आपला श्वास चालू ठेवतो. मग नकाशाकडे पुन्हा पाहा. या प्राण्याचा मुलूख आडवा रंगवून उपयोग नाही, तो उभा मोजायला हवा. साधारण 400 ते 900 मीटरचा थर हेच त्याचं घर, आणि ते घर अनेक समुद्रांतून सलग पसरलेलं आहे. जिथं अनेक भक्षकांना श्वास पुरत नाही तिथं तो ठाण मांडून बसतो. वरच्या किनाऱ्याचं नाव काहीही असो.

आता त्या थरात उतरा. लाल उजेड इथं पोचतच नाही, म्हणून लाल अंग काळंच दिसतं. तुमच्या पुढ्यात एक मादी आहे. चिल्ड्रेस आणि प्राइस यांनी 1978मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार हा जीव सुमारे आठ वर्षं जगतो आणि मादी पिल्लं पिशवीत सुमारे 530 दिवस वागवते, बहुधा काही न खाता. पिल्लं बाहेर पडतात ती थेट आईच्या घडणीची. फक्त काटा ढालीहून लांब आणि मागचे कोपरे अणकुचीदार: सार्सनं 1883मध्ये ज्याला कॅल्काराटा म्हटलं, ते हेच रूप. इथं जाळं येऊन यांतलं एखादं वर गेलं, तर त्याच्या बरणीवर जागेच्या नावाआधी दोन आकडे लिहिलेले हवेत. किती खोल आणि किती लांब.