'किस्सा कुर्सी का' आणि तेरा पेट्या

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत चित्रपटावर लेख, आणि तोही रेल्वेतल्या डिप्लोमा इंजिनिअरने लिहिलेला, म्हणून कुणी नाक मुरडू नये. निमित्त घरातलेच आहे. माझ्या मुलीने 'द ट्रॅम्प अँड द डिक्टेटर' हा 2002 सालचा माहितीपट लावला होता. केविन ब्राउनलो आणि मायकेल क्लोफ्ट यांनी तो केला आहे. चार्ली चॅप्लिन आणि हिटलर, दोघांचा जन्म एप्रिल 1889 मधला, अवघ्या चार दिवसांच्या अंतराने. मिशीही तशीच! चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर'चे चित्रीकरण सुरू केले ते सप्टेंबर 1939 मध्ये, युद्धाला तोंड लागले त्याच सुमारास. 1940 मध्ये चित्रपट झळकला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती आणि हिटलर ऐन भरात होता. माहितीपट संपल्यावर मुलीने विचारले, "बाबा, आपल्याकडे कुणी केली का अशी हिंमत?"

केली होती. आणि करणारा माणूस आपल्या राजस्थानचाच.

अमृत नाहटा मूळचे जोधपूरचे. 1967 आणि 1971 मध्ये ते बाडमेरमधून काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत निवडून गेले. म्हणजे ज्यांची टिंगल करायची त्यांच्याच बाकावर बसणारा हा माणूस. खासदारकी सांभाळून त्यांनी 'किस्सा कुर्सी का' हा चित्रपट काढला. गंगाराम नावाचा पुढारी खुर्चीसाठी काय काय सोंगे करतो, त्याची ही कथा. ज्या 'जनते'ला तो भुलवतो ती एक मुकी, गरीब मुलगी आहे. पुढाऱ्याभोवतीचे बाबा, सचिव, चमचे सगळे यात आहेत, आणि छोट्या मोटारीच्या कारखान्याचीही थट्टा आहे. कोणता कारखाना, हे त्या काळात शाळकरी पोरांनाही कळले असते.

एप्रिल 1975 मध्ये चित्रपट सेन्सॉरकडे गेला. तिथून तो फिरत फिरत माहिती व प्रसारण मंत्रालयात पोहोचला आणि एकूण 51 आक्षेपांची नोटीस निघाली. दरम्यान 25 जूनला आणीबाणी आली. 11 जुलैला नाहटांनी उत्तर दिले की, यातील पात्रे काल्पनिक असून कोणत्याही पक्षाशी वा व्यक्तीशी त्यांचा संबंध नाही. आणीबाणीला जेमतेम पंधरवडा झाला होता. हे उत्तर म्हणजे चित्रपटातलाच एखादा प्रसंग वाटतो! प्रमाणपत्र अर्थातच मिळाले नाही. नाहटा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी चित्रपट स्वतः पाहायचे ठरवले आणि नोव्हेंबर 1975 मधील तारीखही दिली. पण दाखवायला चित्रपटच मिळेना.

पुढे फिर्यादी पक्षाने मांडले ते असे: चित्रपटाची रिळे तेरा पोलादी पेट्यांत भरून मुंबईहून रेल्वेने दिल्लीला आणली गेली आणि गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात जाळण्यात आली. पार्सलच्या पेट्या गाडीत चढताना-उतरताना मी रोज पाहतो. आत काय आहे, हे लेबलापलीकडे कुणी विचारत नाही. त्या तेरा पेट्याही अशाच कुणा हमालाच्या डोक्यावरून गेल्या असतील, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

1977 मध्ये सत्ता पालटली. नाहटा या वेळी जनता पक्षातर्फे पालीहून निवडून आले. शहा आयोग बसला, खटला उभा राहिला. 27 फेब्रुवारी 1979 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने संजय गांधी आणि माजी मंत्री विद्याचरण शुक्ल यांना दोन वर्षे एक महिन्याची शिक्षा सुनावली. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून दोघांनाही निर्दोष सोडले. न्यायालयाचा शेवटचा शब्द तोच, हेही सांगायला हवे.

आपल्या मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. इंग्रजांच्या राज्यात गणेशोत्सवातल्या मेळ्यांची पदे सरकारला झोंबत. खाडिलकरांच्या 1907 च्या 'कीचकवध' नाटकातला कीचक कोण, हे प्रेक्षकांनी ओळखले होते आणि सरकारनेही. 1910 मध्ये त्यावर बंदी आली. पण नाटकाची संहिता लपवून ठेवता येते, पद तोंडपाठ करता येते. चित्रपटाची निगेटिव्ह गेली की सगळेच गेले.

नाहटांनी चित्रपट पुन्हा काढला. तो 1978 मध्ये प्रदर्शित झाला. मनोहर सिंग, शबाना आझमी, उत्पल दत्त, सुरेखा सिक्री अशी तगडी मंडळी, संगीत जयदेव यांचे. आज पाहायला मिळतो तो हाच. काही ठिकाणी तो फार भडक वाटतो, पण शबानाची मुकी जनता विसरता येत नाही. मला मात्र पाहताना सारखे वाटत होते की, हा दुसऱ्यांदा केलेला विनोद आहे. थट्टा ज्यांची, ते तेव्हा निवडणूक हरलेले होते. चॅप्लिनने हिटलरची नक्कल केली ती हिटलर जिंकत असताना. नाहटांनीही पहिल्यांदा तेच केले होते, स्वतःच्या पक्षाची सत्ता असताना, आणि नेमका तोच चित्रपट राहिला नाही.

उत्सवातल्या एका संध्याकाळी पडदा लावून 1978 चा 'किस्सा' दाखवावा, असे मी समितीला सुचवले आहे. आरतीनंतर वेळ ठेवू, असे अध्यक्ष म्हणाले आहेत.