कुलूप आणि घंटा

बोईसरचं घर सहा महिने बंद ठेवून लेकीकडे जायचं ठरलं आणि आमच्या हिचं सोनंनाणं स्वयंपाकघरात शिरलं. अंगठ्या तांदळात, पाटल्या डाळीत! "चोर खिचडी टाकायला बसला म्हणजे?" मी विचारलं. उत्तराऐवजी डबे मिळाले, माळ्यावर चढवायला.

मग मी इतिहास काढला. आमच्या शेजारच्या तारापूरला पोर्तुगीजांचा चांगला दगडी कोट होता. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तो घेतला. मे महिन्यात वसई पडली. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांना चीजवस्तू घेऊन जायला आठ दिवस दिले. बिचाऱ्यांनी नेववेल तेवढं नेलं. चर्चच्या जडशीळ घंटा मात्र मागे राहिल्या. १७२१ साल कोरलेली एक पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, वसईच्या विजयाची खूण म्हणून. धनी गेले, देव बदलला, पण घंटा टिकली!

ही गप्प झाली. मग सासूबाईंची जड समई उचलून शेजारच्या वहिनींकडे देऊन आली. म्हणाली, "कुलपात काळी पडेल. रोज लावा म्हटलं."

पाटल्या डाळीतच आहेत. कुठल्या डाळीत, ते तिला आठवत नाही.