अपस्मारावरील औषधोपचाराचा इतिहास

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या (मज्जापेशींच्या) समूहात अकस्मात व प्रमाणाबाहेर विद्युत् विसर्जन होऊन पुनःपुन्हा झटके येण्याच्या प्रवृत्तीस अपस्मार म्हणतात. फेफरे, मिरगी व आकडी ही त्याची रूढ नावे होत. शुद्ध हरपून सर्वांगास आचके येणे हे लक्षण सर्वपरिचित आहे. तथापि काही प्रकारांत रोगी केवळ काही सेकंद शून्य नजरेने पाहत राहतो, तर काहींत शरीराच्या एकाच भागास आचके येतात. प्रचलित औषधे झटक्यांना पायबंद घालतात. झटके येण्याची मूळ प्रवृत्ती ती नाहीशी करीत नाहीत. त्यामुळे ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात आणि औषध कोणते, किती व कोठवर द्यावे, या प्रश्नांना या रोगात विशेष महत्त्व येते. त्यांची उत्तरे दीड शतकाहून अधिक काळाच्या अनुभवातून आणि अनेकदा रोग्यांना झालेल्या अपायातून मिळत गेली आहेत.

चरकसंहितेत अपस्माराचे वातज, पित्तज, कफज व सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले असून त्यांपैकी शेवटचा असाध्य मानला आहे. पंचगव्य घृतासारखी औषधसिद्ध तुपे हा त्यावरील उपचारांचा एक भाग होता. ग्रीसमध्ये हिपॉक्राटीझ यांच्या नावावर मोडणाऱ्या इ. स. पू. सु. ४०० मधील ग्रंथात हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही व त्याचे मूळ मेंदूत आहे, असे प्रतिपादन आढळते. तरीही भूतबाधा वा देवीकोप ही कल्पना पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही समाजांत दीर्घकाळ टिकून राहिली.

झटक्यांवर निश्चित परिणाम करणारे पहिले औषध चुकीच्या तर्कातून हाती आले. अपस्माराचा संबंध लैंगिक उत्तेजनाशी आहे, असा समज एकोणिसाव्या शतकात प्रचलित होता व पोटॅशियम ब्रोमाइडामुळे ते उत्तेजन मंदावते असे मानले जाई. या आधारावर प्रसूतितज्ञ चार्ल्स लोकॉक यांनी मासिक पाळीच्या सुमारास झटके येणाऱ्या स्त्रियांना ते दिले आणि १८५७ मध्ये लंडनमधील वैद्यकीय सभेत आपला अनुभव सांगितला. तर्क चुकीचा असला, तरी गुण खरा होता व लवकरच सर्व प्रकारच्या रोग्यांस ब्रोमाइड दिले जाऊ लागले. मात्र शरीरातील निम्मे ब्रोमाइड बाहेर पडण्यास सुमारे १२ दिवस लागतात. रोजच्या मात्रांमुळे ते साठत जाऊन अंगावर पुरळ, सुस्ती व बुद्धिमांद्य ही विषबाधेची लक्षणे दिसू लागत. रोग्याचे जडत्व रोगामुळे आहे की औषधामुळे, हे ओळखणे कठीण होई.

ब्रोमाइडाची जागा फिनोबार्बिटोनाने घेतली. जर्मन वैद्य आल्फ्रेट हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये त्याचा अपस्मारावरील उपयोग प्रसिद्ध केला. हे औषध अधिक परिणामकारक व कमी विषारी असून शरीरात दीर्घकाळ टिकते, म्हणून दिवसातून एकदा घेतले तरी पुरते. त्याचा मुख्य दोष गुंगी हा होय. ते एकाएकी बंद केल्यास झटक्यांमागून झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो, हा अनुभवही याच औषधाने दिला. झटके थांबवायचे तर काही प्रमाणात गुंगी येणारच, अशी त्या काळची समजूत होती. अमेरिकेतील एच्. ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पटनम यांनी ती खोडून काढली. मांजरांना विजेने झटके आणून कोणत्या द्रव्याने ते आवरतात, हे त्यांनी पद्धतशीरपणे तपासले आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध पुढे आणले. १९०८ मध्येच तयार झालेले हे द्रव्य गुंगी आणणारे नसल्याने तोवर दुर्लक्षित राहिले होते.

औषधाची निवड झटक्याच्या प्रकारावर अवलंबून असते, हे याच सुमारास स्पष्ट होऊ लागले. हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये विद्युत् मस्तिष्कालेखनाची माहिती प्रसिद्ध केल्यानंतर प्रकारांची ओळख अधिक नेमकी झाली. क्षणिक भानरहिततेच्या झटक्यांत सेकंदास सुमारे ३ या गतीने उमटणाऱ्या विशिष्ट तरंगांचा आलेख १९३५ मध्ये नोंदला गेला. अशा झटक्यांवर फेनिटॉइन निरुपयोगी ठरते. त्यांच्यासाठी १९४० नंतरच्या दशकात ट्रायमेथाडायोन व पुढे ईथोसक्सिमाइड ही औषधे आली. १९६० नंतरच्या दशकात वापरात आलेले कार्बमॅझेपीन मेंदूच्या एका भागात सुरू होणाऱ्या झटक्यांवर गुणकारी असले, तरी भानरहिततेचे व स्नायूंना एकाएकी हिसका देणारे झटके त्याने वाढू शकतात. व्हॅल्प्रोएटाचा गुण फ्रान्समध्ये १९६३ च्या सुमारास योगायोगाने कळला. इतर द्रव्ये विरघळविण्यासाठी ते वापरले जात असता प्रत्यक्ष परिणाम त्या विद्रावकाचाच असल्याचे आढळले. अनेक प्रकारांवर चालणारे औषध म्हणून ते लवकरच रूढ झाले.

औषधे वाढली तशी एकाच रोग्यास तीन-चार औषधे एकत्र देण्याची प्रथा पडली. रक्तातील औषधाचे प्रमाण मोजणे शक्य झाल्यावर तिचे दोष उघड झाले. फेनिटॉइनाची मात्रा एका मर्यादेपलीकडे थोडी वाढविली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते आणि तोल जाणे, डोळे थरथरणे ही लक्षणे उद्‌भवतात. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन व कार्बमॅझेपीन यांमुळे यकृतातील विघटन-क्रिया वाढून संततिप्रतिबंधक गोळ्यांसारख्या इतर औषधांचा परिणाम घटतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिडामुळे फेनिटॉइनाचे रक्तातील प्रमाण वाढते, तर रिफँपिसिनामुळे ते कमी होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील शॉरव्हन व रेनल्ड्झ यांनी अनेक औषधांऐवजी एकच औषध योग्य प्रमाणात दिल्यास पुष्कळ रोग्यांचे भागते, असे दाखविले. प्रथम एकच औषध, अल्प मात्रेने आरंभ, हळूहळू वाढ आणि ते निष्फळ ठरल्यास दुसरे, हा आजचा क्रम त्यातून रूढ झाला. ग्लासगो येथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पूर्वी उपचार न झालेल्या ४७० रोग्यांपैकी ४७ टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने, तर १३ टक्क्यांचे दुसऱ्या औषधाने थांबल्याचे दिसले. तिसऱ्या औषधाने यश आलेले जेमतेम १ टक्का होते. म्हणून दोन योग्य औषधे निष्फळ ठरल्यास निदान पुन्हा तपासणे व शस्त्रक्रियेचा विचार करणे इष्ट मानले जाते.

रोगी कोण आहे, हा विचार निवडीत सर्वांत उशिरा आला. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या मुलांत मेरुरज्जूचे जन्मजात दोष अधिक आढळतात, हे १९८२ मध्ये फ्रान्समध्ये लक्षात आले. अशा मुलांपैकी सुमारे १० टक्क्यांत मोठी शारीरिक व्यंगे, तर ३० ते ४० टक्क्यांत मानसिक व बौद्धिक विकासाच्या अडचणी उद्‌भवतात, हे पुढील संशोधनाने दाखविले. तरीही यूरोपात त्याच्या वापरावर कडक निर्बंध २०१४ व २०१८ मध्येच आले. प्रजननक्षम वयातील स्त्रियांना शक्यतो लॅमोट्रिजीन किंवा लेव्हेटिरॅसिटाम ही नंतरची औषधे दिली जातात. लॅमोट्रिजिनाची मात्रा मात्र त्वचेवरील गंभीर पुरळाच्या धोक्यामुळे अतिशय सावकाश वाढवावी लागते. कार्बमॅझेपिनाने होणाऱ्या अशाच घातक त्वचाविकाराचा एका विशिष्ट आनुवंशिक घटकाशी असलेला संबंध २००४ मध्ये तैवानमध्ये आढळला. तेव्हापासून आशियाई वंशाच्या रोग्यांत औषधापूर्वी त्या घटकाची चाचणी करण्याची शिफारस काही देशांत करण्यात आली.

औषध केव्हा थांबवावे, याचा निर्णय सर्वांत नाजूक असतो. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान दोन वर्षे झटके न आलेल्या १,०१३ रोग्यांची पाहणी करण्यात आली. पुढील दोन वर्षांत औषध चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के, तर हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के झटक्यांपासून मुक्त राहिले. म्हणजे औषध सोडणे अनेकांना शक्य असते. परंतु एखादाच झटका वाहन चालविण्याचा परवाना किंवा नोकरी गमावण्यास पुरेसा असल्याने हा निर्णय रोग्याच्या संमतीनेच घ्यावा लागतो.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचाराने त्यांपैकी सुमारे ७० टक्के झटक्यांविना जगू शकतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तरीही अल्प उत्पन्नाच्या देशांतील बहुसंख्य रोग्यांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. तेथे स्वस्त असलेले फिनोबार्बिटोन शतकानंतरही उपयुक्त ठरले आहे. भारतात औषधाच्या अभावाबरोबरच लोकापवादाची भीतीही आड येते. १९७६ मधील दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमात अपस्माराचे वारंवार झटके येणे ही विवाहाच्या आड येणारी बाब ठरविण्यात आली होती. १९९९ मधील दुरुस्तीने ती तरतूद वगळण्यात आली. कायदा बदलला, तरी विशेषतः मुलींच्या बाबतीत लग्नाच्या वेळी रोग लपविण्याकडे कल राहतो. लपविलेल्या रोगाचे औषध सासरी उघडपणे घेता येत नाही आणि असे एकाएकी खंडित झालेले औषधच जिवावर बेतणाऱ्या झटक्यांचे एक प्रमुख कारण ठरते.